इंजिनाचा मेंदू कोणाच्या हातात? तारापूरची अणुभट्टी, पुण्याचा कंट्रोलर आणि बोईसरच्या शेडमधला ईसीयू

(लोकलमध्ये नेटवर्क गेलं की ऑडिओ अडकतो, म्हणून नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत, बाकी सगळं तसंच.)

आजचा विषय गाडीचा आहे, पण मायलेज किती आणि टॉप मॉडेल घ्यावं का, असल्या गप्पा आज नाहीत. आज बोलायचंय गाडीतल्या एका डब्याबद्दल. हाताच्या पंजाएवढा डबा, ज्याला कंपनी ईसीयू म्हणते आणि आपल्याकडचे गॅरेजवाले सरळ ‘कॉम्प्युटर’ म्हणतात. ‘कॉम्प्युटर गेलाय’ असं मेकॅनिक म्हणाला की आपला हात आपोआप खिशाकडे जातो, तोच हा डबा.

हा डबा घरी बनवता येतो का? येतो. जगभर लोक बनवतात, आणि आम्हीही तिघांनी मिळून बोईसरच्या एका शेडमध्ये एक बनवला. पण ‘कसा बनवला’ याच्या आधी ‘कशाला बनवायचा’ हा प्रश्न येतो. बाजारात तयार मिळणारी वस्तू घरी बनवण्यात वेळ का घालवायचा? याचं उत्तर इतिहासात आहे, आणि त्या इतिहासाचा एक मोठा तुकडा आपल्याच किनाऱ्यावर, तारापूरला आहे. म्हणून आज गाडी आणि अणुभट्टी एकाच भागात. जरा थांबा, संबंध लागेल.

आधी समजून घेऊ: हा डबा करतो काय?

पेट्रोल इंजिनाला दोनच प्रश्नांची उत्तरं सतत हवी असतात. आत्ता किती पेट्रोल द्यायचं? आणि ठिणगी नेमकी कधी टाकायची?

पहिला प्रश्न घ्या. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. ८०० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घेतलं तर एका सिलिंडरमध्ये एका वेळी, पूर्ण भरला तरी, साधारण ०.३ ग्रॅम हवा जाते. म्हणजे पेट्रोल द्यायचं जेमतेम २० मिलिग्रॅम. एक छोटासा थेंब. तो कमी पडला तर इंजिन खोकतं आणि तापतं, जास्त झाला तर काळा धूर आणि प्लग काळे.

आता दुसरा प्रश्न. इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल तर एक फेरा होतो २० मिलिसेकंदांत. पेट्रोल पेटायला थोडा वेळ घेतं, म्हणून पिस्टन अगदी वर पोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते. समजा ३० अंश आधी टाकायची आहे, तर हातात वेळ उरतो दीड मिलिसेकंदाच्या आसपास. तुमची पापणी एकदा लवेपर्यंत या इंजिनाने अनेकदा हा हिशोब केलेला असतो.

पूर्वी हा हिशोब कोण करायचं? कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर. हवा अरुंद जागेतून जाताना तिचा दाब कमी होतो आणि ती जेटमधून पेट्रोल ओढून घेते. वेग वाढला की डिस्ट्रिब्युटरमधली छोटी वजनं बाहेर फाकतात आणि ठिणगी लवकर पडते. हा सगळा हिशोब पितळ, स्प्रिंग आणि वजनांनी केलेला. शेतावरच्या जुन्या डिझेल पंपाला जो गव्हर्नर असतो, तोही याच घराण्यातला. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला असे फिरणारे गोळे लावले होते. वेग वाढला की गोळे बाहेर जातात आणि वाफ कमी होते. इंजिनाने स्वतःच स्वतःला आवरायचं, ही कल्पना तेवढी जुनी आहे.

आणि या पितळी मेंदूचा एक मोठा गुण होता: तो उघडा होता. स्क्रू-ड्रायव्हर आणि शाबूत कान असलेला कुठलाही मिस्त्री त्याच्याशी बोलू शकत होता.

मग हा मेंदू बंद डब्यात का गेला?

कारण धूर. १९५० आणि ६० च्या दशकांत कॅलिफोर्नियात धुराने लोक हैराण झाले आणि नियम कडक व्हायला लागले. बेंडिक्स या अमेरिकन कंपनीने १९५७ मध्ये इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणलं होतं, पण ते टिकलं नाही. ती कल्पना जर्मनीच्या बॉशकडे गेली, आणि १९६७ मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक ही प्रणाली फोक्सवॅगन १६०० मध्ये बसली. गंमत बघा, त्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता. पहिला व्यापारी मायक्रोप्रोसेसर यायला अजून चार वर्षं होती. सगळं काम ट्रान्झिस्टर करत होते.

पुढे १९७६ मध्ये व्होल्वोने धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर गाडीत आणला. हा फार मोठा बदल. आता इंजिन पेट्रोल देतं, जळल्यावर धूर तपासतं आणि पुढच्या वेळी स्वतःला दुरुस्त करतं. स्वयंपाक करताना चव घेऊन मीठ घालावं, तसं. आणि १९७९ मध्ये बॉशची मोट्रॉनिक आली, बीएमडब्ल्यूच्या गाडीत. पेट्रोल आणि ठिणगी, दोन्ही हिशोब एकाच डिजिटल डब्यात. आजचा ईसीयू हा तिचाच वंशज.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा तिला कार्ब्युरेटरच होता. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि २००० च्या सुमारास ‘एमपीएफआय’ ही अक्षरं गाड्यांच्या पाठीवर दिसायला लागली. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि जवळजवळ सगळ्या मोटारसायकली आणि स्कूटरही इंजेक्शनवर गेल्या. म्हणजे आपल्या पिढीच्या डोळ्यांदेखत प्रत्येक दुचाकीत एक कॉम्प्युटर येऊन बसला.

हवा सुधारायला हे गरजेचं होतं, यात वाद नाही. पण त्याबरोबर एक गोष्ट हातातून गेली. इंजिनाचा हिशोब कुठे लिहिलाय हे माहीत आहे, पण तो वाचता येत नाही. पालघर-बोईसर रस्त्यावर वीस-पंचवीस वर्षं गाड्या दुरुस्त करणारा माणूस, ज्याला नुसत्या आवाजावरून कुठला सिलिंडर मारत नाही ते कळतं, तो आता स्कॅनरवरचा कोड वाचतो आणि गाडी कंपनीत घेऊन जा म्हणतो. त्याचं कौशल्य कमी झालेलं नाही. त्याला आत जायची वाटच बंद झालीय.

आता चला तारापूरला

इथे तुम्ही विचाराल, यात अणुभट्टी कुठून आली? तर ऐका. एखादं यंत्र दुसऱ्याकडून घ्यायचं, चालवायचं, पण त्याच्या आतला हिशोब आणि त्याचं इंधन दुसऱ्याच्या हातात ठेवायचं, याचा अनुभव आपल्या भागाइतका भारतात फार थोड्या जागांना असेल.

१९६३ मध्ये भारत आणि अमेरिकेत करार झाला आणि १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीला तारापूरचं काम मिळालं. पद्धत होती टर्न-की. म्हणजे सगळं त्यांनी बांधायचं, आपण किल्ली फिरवायची. २८ ऑक्टोबर १९६९ ला दोन अणुभट्ट्यांमधून व्यापारी वीज सुरू झाली. मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट, जी नंतर १६० वर आणली गेली. भारतातली ही पहिली अणुवीज.

किल्ली आपल्या हातात आली, पण इंधनाचा नळ तिकडेच राहिला. या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागायचं, आणि करारानुसार ते अमेरिकेकडून यायचं. १९७४ मध्ये पोखरणला अणुचाचणी झाली. १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसाराविरुद्ध नवा कायदा केला आणि आपल्या सर्व अणुकेंद्रांची आंतरराष्ट्रीय तपासणी करू द्या, तरच इंधन, अशी अट आली. भारताने ती मानली नाही. वर्षानुवर्षं ओढाताण झाली. १९८२ मध्ये तोडगा निघाला की इंधन फ्रान्स देईल. पुढे चीनकडून आणि रशियाकडूनही घ्यावं लागलं. यंत्र बोईसरजवळ, वीज महाराष्ट्र आणि गुजरातला, आणि ते चालू राहणार की नाही याची चर्चा वॉशिंग्टनमध्ये!

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती मला जास्त आवडते.

४ ऑगस्ट १९५६ ला मुंबईत तुर्भ्याला अप्सरा ही आशियातल्या पहिल्या काही भट्ट्यांपैकी एक सुरू झाली. तिचं इंधन ब्रिटनचं होतं. पण तिची नियंत्रण यंत्रणा, ती इलेक्ट्रॉनिक्स, ए. एस. राव यांच्या गटाने इथेच बनवली होती. त्याच काळात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळी स्वतः कॉम्प्युटर जोडत होती. तो टिफ्रॅक म्हणून ओळखला गेला आणि १९६० मध्ये पूर्ण चालू झाला. ए. एस. राव यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी उभी राहिली. आणि १९६९ च्या सुमारास तुर्भ्यालाच टीडीसी-१२ हा बारा बिटचा कॉम्प्युटर तयार झाला. ‘टीडीसी’ म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर.

म्हणजे ज्या काळात तारापूरला बाहेरून आणलेली भट्टी वीज द्यायला लागली, त्याच काळात खाडीपलीकडे मुंबईत घरचा मेंदू जुळत होता. एका हाताने विकत घेत होतो आणि दुसऱ्या हाताने शिकत होतो.

त्या शिकण्याचं फळ तारापूरलाच दिसलं. तिसरी आणि चौथी भट्टी प्रत्येकी ५४० मेगावॉटची, आपल्या लोकांनी आराखडा केलेली, नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालणारी. चौथी आधी, २००५ मध्ये, आणि तिसरी २००६ मध्ये सुरू झाली. (क्रमांक उलटे का, असं विचारू नका, आधी चौथीच तयार झाली!) या अभिमानाची किंमत अक्करपट्टी आणि पोफरण या गावांनी आपली जागा सोडून मोजली, हेही इथेच सांगायला हवं. कारण ती गावं नकाशावरून हलली, आणि आपण मात्र फक्त मेगावॉट मोजतो.

आता तांत्रिक मुद्दा. त्याआधीच्या भारतीय भट्ट्या २२० मेगावॉटच्या होत्या. भट्टीचा गाभा मोठा झाला की एक नवी अडचण येते: एक कोपरा जास्त तापतो, दुसरा थंड पडतो, आणि काही तासांनी उलटं होतं. एकूण वीज तेवढीच दिसते, पण आत झोके चालू असतात. म्हणून ५४० मेगावॉटच्या भट्टीत १४ कप्पे आहेत, ज्यांत साधं पाणी असतं. साधं पाणी न्यूट्रॉन शोषतं. ज्या भागात जोर जास्त, तिथल्या कप्प्यातली पातळी वाढवायची, जिथे कमी तिथे उतरवायची. कुठे किती, हे कॉम्प्युटर सतत ठरवतो. आपल्या इंजिनात सिलिंडरला किती पेट्रोल द्यायचं हे ठरतं ना, अगदी तोच प्रश्न, फक्त प्रचंड आकाराचा.

आणि एक गोष्ट मला या भट्टीकडून शिकायला मिळाली, ती पुढे शेडमध्ये कामी आली. भट्टी चालवणारी यंत्रणा वेगळी आणि भट्टी बंद करणारी वेगळी. बंद करायच्या तर दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत: एक वरून दांडे सोडते, दुसरी जड पाण्यात न्यूट्रॉन खाणारं द्रावण मारते. चालवणाऱ्या मेंदूला वेड लागलं तरी थांबवणारा हात त्याच्यावर अवलंबून नसतो.

बंद डब्यात काय लिहिलंय, याने काय फरक पडतो?

सप्टेंबर २०१५ आठवतो का? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने जाहीर केलं की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांच्या ईसीयूमध्ये एक लबाडी लिहिली आहे. गाडीची चाचणी चालू आहे हे तो डबा ओळखायचा आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचा. रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मोकाट. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या संस्थेने चाचण्या केल्या, आणि कंपनीने भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

लोखंडात काहीच खोट नव्हती. पिस्टन ठीक, इंजेक्टर ठीक. खोट होती ती लिहिलेल्या हिशोबात, आणि तो हिशोब गाडीच्या मालकाला दिसत नव्हता. म्हणून मी म्हणतो, मेंदू समजणं हा नुसता हौशी लोकांचा खेळ नाही.

याच प्रश्नावर महाराष्ट्रात चांगलं कामही झालंय. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक शशिकांत सूर्यनारायणन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये सेडेमॅक ही कंपनी काढली. ती पुढे पुण्यात वाढली. छोट्या इंजिनांचे आणि जनरेटरचे कंट्रोलर हा त्यांचा विषय. त्यांनी एक छान प्रश्न सोडवला: स्कूटर सुरू करणारी मोटर आणि चालू असताना वीज बनवणारा जनरेटर, ही एकच वस्तू करायची, आणि तीही मोटरची जागा सांगणारा वेगळा सेन्सर न लावता. सेन्सर वाचला म्हणजे खर्च वाचला आणि बिघडायची एक जागा कमी झाली. कॉलेजच्या लॅबमधून निघालेला हिशोब भारतीय दुचाकींमध्ये जाऊन बसला. घरी बनवलेला मेंदू कारखान्यापर्यंत पोचू शकतो, याचं हे आपल्या राज्यातलं उदाहरण.

आणि आता आमची शेड

घरगुती ईसीयूची चळवळ सुरू झाली ती अमेरिकेत. ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी २००१ च्या सुमारास मेगास्क्वर्ट आणला. तयार डबा नाही, सुटे भाग. सोल्डरिंग तुम्हीच करायचं, म्हणजे आत काय आहे ते आपोआप कळतं. नंतर ऑस्ट्रेलियातल्या जोश स्ट्युअर्टने स्पीडुइनो काढला. त्याच्या पोटात आर्डुइनो मेगा, तोच बोर्ड जो आपल्याकडे डिप्लोमाची मुलं प्रोजेक्टला वापरतात. त्याचा सगळा प्रोग्रॅम उघडा आहे, कुणीही वाचावा आणि बदलावा.

आमच्याकडे तिघे जण. एक मी. दुसरा आयटीआय झालेला, एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. तिसरा फॅब्रिकेशनवाला. भंगारातून तीन सिलिंडरचं जुनं इंजेक्शन इंजिन आणलं आणि लोखंडी स्टँडवर बसवलं. बोर्ड आणि सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आहे, त्यामुळे ग्रँट रोडला जाऊन यायचं म्हणजे विरारला बदला आणि उभ्याने जा, एवढंच.

पहिलं काम: पिस्टन आत्ता कुठे आहे ते मेंदूला सांगणं. त्यासाठी क्रँकच्या पुलीवर दातांची चकती लावतात. ३६ दातांची जागा, त्यातला एक दात गायब. प्रत्येक दात म्हणजे १० अंश, आणि जिथे मोठी फट येते तिथून मोजणी नव्याने सुरू. सेन्सरची तार जाळीच्या वेष्टणाची हवी, नाहीतर शेजारच्या इग्निशन कॉइलचा गोंगाट तिच्यात शिरतो आणि मेंदूला नसलेले दात दिसायला लागतात.

दुसरं: आत किती हवा आहे ते मोजणं. त्यासाठी मॅनिफोल्डमधल्या दाबाचा सेन्सर, हवेच्या आणि पाण्याच्या तापमानाचे सेन्सर, थ्रॉटल किती उघडलाय त्याचा सेन्सर, आणि सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर. हे सगळं बघून आमचा इन्स्ट्रुमेंटवाला हसला. म्हणाला, ‘अरे, आमच्या प्लांटमध्ये रोज हेच असतं. दाब बघा, तापमान बघा, व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरवा. फक्त आमचा रिअ‍ॅक्टर तासभर शिजतो आणि तुमचा वीस मिलिसेकंदांत.’ तारापूर एमआयडीसीत असे शेकडो तरुण रोज पीएलसी आणि कंट्रोल लूप सांभाळतात. त्यांच्यातल्या बहुतेकांना ठाऊकच नाही की गाडीचा ‘कॉम्प्युटर’ त्यांच्या रोजच्या कामाचाच भाऊ आहे.

तिसरं, आणि खरं काम: तक्ता भरणं. स्पीडुइनोत पेट्रोलचा तक्ता १६ बाय १६ चौकोनांचा असतो. आडवा वेग, उभा दाब. एकूण २५६ चौकोन. प्रत्येकात एक आकडा: या वेगाला, या दाबाला सिलिंडर किती भरतो. त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते निघतं. इंजिन नुसतं चालू असताना दोन-तीन मिलिसेकंद, पूर्ण जोरावर दहा-बारा. त्यातही इंजेक्टर उघडायलाच साधारण एक मिलिसेकंद खातो, आणि बॅटरी उतरलेली असेल तर त्याहून जास्त. तो वेळ हिशोबात धरला नाही तर सकाळी थंड इंजिन सुरूच होत नाही.

ऑक्सिजन सेन्सर बघून आम्ही तक्ता भरत होतो. पण इंजिन मध्येच अडखळायचं. शेवटी बाजूच्या गॅरेजच्या काकांना बोलावलं, कार्ब्युरेटरच्या जमान्यातले. त्यांनी लॅपटॉपकडे बघितलंही नाही. डोळे मिटून उभे राहिले, थ्रॉटल हळूच उघडला, सोडला, परत उघडला. म्हणाले, ‘पोरांनो, वर बरोबर आहे. खालून उचलताना उपाशी राहतंय.’ तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यातले पाच-सहा चौकोन वाढवले, थ्रॉटल अचानक उघडल्यावर द्यायचं जादा पेट्रोल थोडं वाढवलं. अडखळणं गेलं. मग काका खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसले आणि म्हणाले, ‘दाखवा आता, कुठे काय लिहिलंत ते.’

तासभर ते चौकोन बघत बसले. प्रत्येक आकड्याला त्यांच्याकडे जुनं नाव होतं. हा स्लो जेट, हा मेन जेट, हा चोक, हा पंप. त्यांना नवीन काही शिकावं लागलं नाही, फक्त ते ज्या खोलीत रोज वावरायचे तिचं दार परत उघडलं. माझ्या मते घरी ईसीयू बनवण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. यातून चार हॉर्सपॉवर जास्त मिळत नाहीत. यातून कळतं की त्या बंद डब्यात जादू नाही, २५६ आकडे आहेत, आणि ते आपल्या भाषेत समजू शकतात.

आणि हो, तारापूरचा धडा. आमच्या स्टँडवर एक लाल बटण आहे. ते थेट पेट्रोल पंपाची आणि इग्निशनची वीज तोडतं. बोर्डाला विचारत नाही, प्रोग्रॅमला विचारत नाही. चालवणारा वेगळा, थांबवणारा वेगळा. बाजूला अग्निशामक सिलिंडर, आणि शेडचं दार उघडं, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता मारतो.

थोडं सावध बोलणं

‘मी माझ्या गाडीला लावू का?’ हा मेसेज येणारच, म्हणून आत्ताच सांगतो. रस्त्यावरच्या गाडीला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि बीएस-६ गाडीचा मूळ ईसीयू काढला तर धुराचं सगळं गणित बिघडतं. इन्शुरन्सचा प्रश्न वेगळाच. स्टँडवरचं इंजिन, कॉलेजचा प्रोजेक्ट, बंद ट्रॅकवरची गाडी, इथे हे करा. शिकायला तेवढं पुरतं.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एक खास सूचना. चिंचणी, तारापूर, सातपाटी, इथली खारी हवा कनेक्टरच्या पिना हिरव्या करते. बोर्ड बंद डब्यात ठेवा, पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. अर्ध्याहून जास्त ‘प्रोग्रॅमच्या चुका’ खरं तर गंजलेल्या पिना असतात.

आणि एक ताजा प्रश्न घेऊन जा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून १४.७ हा आकडा खाली येऊन साडेतेराच्या आसपास जातो. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागतं. तुमच्या गाडीचा मेंदू हे करतोय का? किती प्रमाणात करतोय? मायलेजवरून घराघरांत भांडणं चालली आहेत, पण या प्रश्नाचं उत्तर त्या बंद डब्यातल्या तक्त्यात आहे. ज्याने एकदा स्वतः तक्ता भरलाय, त्याला निदान नेमका प्रश्न विचारता येतो.

तारापूरने आपल्याला किल्ली आणि नळ यातला फरक शिकवला. तो शिकायला देशाला काही दशकं लागली, तुम्हाला आर्डुइनो आणि थोडे रविवार पुरतील. जवळच्या आयटीआयमध्ये, पॉलिटेक्निकमध्ये भंगारातलं एखादं इंजिन पडलेलं असतंच. सरांना विचारा. आणि सुरू करताना शेजारच्या जुन्या मिस्त्रीला बोलवायला विसरू नका, त्यांच्या कानाइतका चांगला सेन्सर लॅमिंग्टन रोडला मिळत नाही.

काही अडलं, किंवा तुमच्या गावात कुणी असं काही बनवलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत, सांभाळून चालवा!